चांदणी चौकातल्या अनोळखी मंडळींचे आभार

१२ ऑगस्ट २०२३ ला पुण्यातल्या चांदणी चौकातल्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं आणि व्यासपीठावरच्यांचे आभार मानून झाले. उरलेल्यांचे मी मानतो.

२ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री एकच्या सुमारास जुना पूल स्फोटकांनी उडवला. काँक्रीट फुटलं, पण आतल्या सळया काही सोडेनात. पूल पुरता खाली येईना. इकडे मोबाइलवर विनोद सुरू झाले. तिकडे पोकलेनवाल्यांनी उरलेला सांगाडा तोडला, डंपरवाल्यांनी राडारोडा उचलला आणि सकाळी मुंबई-बंगळूर महामार्ग पुन्हा वाहता झाला. त्या सगळ्यांना दंडवत!

पुढचं काम त्याहून किचकट. मुळशी, कोथरूड, वारजे, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) अशी चहूकडची वाहनं चालू ठेवून डोंगर फोडायचा, रॅम्प बांधायचे, रात्री महामार्ग थोडा वेळ अडवून गर्डर चढवायचे. क्रेनवाले, वेल्डर, सळया बांधणारे, आमच्या शिव्या खात शिट्टी वाजवणारे वॉर्डन, तुमचे मनापासून आभार. (कुठला रॅम्प कुठे उतरतो हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला, ते सोडा.)

तुमची नावं ठाऊक नाहीत. बावधनला आलात तर चहा माझ्याकडे.