सफरचंद कशाला, रायवळ आहे की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायडरवर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून करतात त्या पेयावर, लेख वाचला. माहिती चांगली होती. पण शेवटी लेखकांनी सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांना सफरचंद लावायचा सल्ला दिला आहे, तो काही पटला नाही. त्यापेक्षा आपल्या बांधावरच्या रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याचा विचार व्हावा.

सफरचंद आपल्याकडे येतच नाही असे मी म्हणत नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात काढली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जतसारख्या दुष्काळी तालुक्यातही सफरचंद धरल्याच्या बातम्या आल्या. हौसेने चार झाडे जरूर लावा. मात्र सायडर ज्या बागांनी नावारूपाला आणला, तिथली झाडे जुनी असतात आणि त्यांचे फळ बाजारात कोणी विचारत नाही.

माझी धाकटी मुलगी इंग्लंडात हेरफर्डला नर्स आहे. तिच्याकडे गेले होते तेव्हा जवळच्या खेड्यातली अशी एक बाग पाहिली. झाडे उंच, वेडीवाकडी, खाली गवतात मेंढ्या. पडलेले एक फळ पुसून चावले, तर कच्च्या केळीची साल चघळल्यासारखे तोंड आवळले. बागवाला हसायला लागला. ते फळ खायचे नसतेच म्हणे. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, फॉक्सव्हेल्प अशी या जातींची नावे. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राने १९०३ मध्ये त्यांची प्रतवारी ठरवली: टॅनिन ०.२ टक्क्याच्या वर गेले की तुरट, आम्ल ०.४५ टक्क्याच्या वर गेले की आंबट. खाणारा ज्या तुरटपणाला नाक मुरडतो, तोच इथे हवा असतो. फळे ढीग घालून मऊ होऊ देतात, दळतात, चोथा कापडात गुंडाळून थरावर थर रचून दाबतात. रस पिंपात भरला की हिवाळाभर सावकाश आंबत राहतो. आम्ही माळकरी, तेव्हा पुढची चव मला विचारू नका.

तिथली खरी शिकण्यासारखी गोष्ट कायद्यात आहे. वर्षाला सात हजार लिटरपर्यंत सायडर करणाऱ्याला ब्रिटनमध्ये १९७६ पासून अबकारी कर माफ आहे. त्यामुळे दहा-वीस झाडांचा मालकही रस काढून विकू शकतो, आणि झाड पैसे देते म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड चालत नाही. मोठ्या कंपन्यांचे तिथेही वेगळेच. २०१० च्या नियमाप्रमाणे ३५ टक्के रस असला तरी बाटलीवर सायडर लिहिता येते. बाकी पाणी आणि साखर.

आता आमच्या शिराळ्याकडे या. बांधावरच्या रायवळ आंब्यांना घरोघर नावे आहेत. आमच्या शेप्याला बडीशेपेचा वास येतो, शेंदऱ्या देठाजवळ लाल होतो, खोबऱ्या कच्चाच खायचा, मीठ-तिखटही लागत नाही. ओढ्याकाठच्या एकाला नाव नाही, तो इतका आंबट की लोणच्याशिवाय कामाचा नाही. कोय लावली म्हणून आईसारखेच झाड येत नाही, सफरचंदाचेही तसेच. म्हणजे कलम न बांधता झाड तोडले की ती चव कायमची गेली. गंमत अशी की हापूसची कलमे बांधतात ती रायवळाच्याच कोयीवर.

पण पेटीत भरायला रायवळ निरुपयोगी. साल पातळ, रस पाण्यासारखा, त्यात धागे, आणि पिकला की दोन दिवसांत बसतो. वळीव झाला की झाडाखाली सडा पडतो. सासूबाई होत्या तोवर ताटे भरभरून आंबापोळी वाळत असे. आता घरात तेवढे हात नाहीत आणि बाठे गोळा करायला पोरेही नाहीत. फळाला गिऱ्हाईक नाही, लाकडाला आहे. लाकूडवाला दर उन्हाळ्यात बांधावर येऊन बुंध्याला मिठी मारून माप घेतो. आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, तोडायला परवानगी लागते. तरी झाडे कमीच होत आहेत.

आपल्या जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाला, राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणातून. नाशिकसारखा बहर तिथे आला नाही. का, ते द्राक्षवाले सांगतील. मला एवढेच दिसते की आपल्याकडे धोरण म्हटले की मोठी शेड, मोठ्या टाक्या आणि द्राक्षच. २७ जानेवारी २०२२ ला सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा वाद रंगला. दारूच आहे ती, त्यात लपवाछपवी कशाला? पण त्या गोंगाटात बांधावरच्या फळाचे काय, हे कोणी विचारले नाही.

माझ्या मते सुरुवात शिरक्यापासून, म्हणजे व्हिनेगरपासून व्हावी. सफरचंदाच्या शिरक्याची बाटली सांगलीत औषधाच्या दुकानातसुद्धा मिळते, लोक ती घेतातही. रायवळाचा शिरका कसा होईल, कोणत्या झाडाचा रस त्याला चांगला, हे काम कराडच्या कृषी महाविद्यालयातली मुले एका हंगामात करून दाखवतील. तालुक्यात एखादी रस काढायची गिरणी असावी, तिथे पाटीभर आंबेही घेतले जावेत. त्यापुढे कोणाला फळांची वाइन करायची असेल तर ब्रिटनसारखी लिटरची मर्यादा घालून छोटा, स्वस्त परवाना द्यावा. माझ्या घरात ती येणार नाही, पण शेजाऱ्याचे झाड त्यामुळे वाचणार असेल तर माझी तक्रार नाही.

झाडांची नोंद मात्र कोणासाठी अडलेली नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला आपल्या जातीची नोंदणी करता येते आणि त्याला फी पडत नाही. शेप्याचे कागद मी या हंगामात करायला घेते आहे. वारणाकाठी कोणाकडे असे नावाचे झाड असेल तर त्यांनी यंदा त्याची एखादी फांदी राखून ठेवावी. पावसाळ्यात कलमासाठी काड्या एकमेकांना देता-घेता येतील.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. शिराळा, जि. सांगली