बाबांच्या ट्रकच्या पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल

ता. हिंगणघाट, जि. वर्धा
तुळशीच्या लग्नाचा दिवस

प्रिय बंडू,

बाबांचा ट्रक चालताना डावीकडे ओढतो, हे सांगितल्यावर फोनवर तू म्हणालास, "चाकांची अलाइनमेंट करून घे, ओढणं थांबेल." तेव्हा मी नुसतं हो म्हटलं, कारण रेंज जात होती आणि कापूस वेचायला बाया येऊन वावराच्या धुऱ्यावर उभ्या होत्या. पण ते मला पटलं नव्हतं. आता गाडी नीट तपासून झाली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. फोनवर एवढं सांगता येत नाही, आणि मापं तर कागदावरच हवीत.

आपली गाडी तुला माहीत आहेच. लांब बॉनेटची टाटा-मर्सिडीज. 1954 साली टाटांच्या टेल्कोचा मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मन डेमलर-बेंझशी करार झाला, जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले, आणि 1969 मध्ये करार संपल्यावर जाळीवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला. आपल्या गाडीवर तो तारा अजून आहे. त्याच गाडीत कापसावर पालथे पडून आपण दोघं सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यापर्यंत जायचो. घरी आल्यावर केसांतली सरकी आई एकेक करून काढायची.

बाबा गेल्यानंतर मधली नऊ वर्षं गाडी पाण्याच्या टँकरवर होती, आणि सगळी खराबी त्या वर्षांतली आहे. टाकीचं वजन झेपावं म्हणून कोणीतरी पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत फेरफार केले, मग दुसऱ्या गॅरेजात नव्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बसवलं. कोणी काय काढलं आणि कुठून काय आणून लावलं, याची एक चिठ्ठीसुद्धा नाही. परत आणली तेव्हा गाडी डावीकडे ओढत होती. जो तो म्हणायचा, रस्त्याला डाव्या अंगाला उतार असतो, त्यानं ओढते. म्हणून एका पहाटे जाम गावच्या रस्त्याला जायच्या आधीचा आपला तो सरळ पट्टा रिकामा पाहून मी गाडी थोडा वेळ उजव्या कडेनं चालवली. तिथे उतार उजवीकडे असतो. तरीही ती डावीकडेच गेली. उतारावर दोष टाकायचं त्या दिवशी संपलं.

खरी दिशा दाखवली आपल्या गावच्या ड्रायव्हर काकांनी. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण मी गाडी फाट्यावरून येताना त्यांनी पाह्यली आणि म्हणाले, "बापू, इचा डावा पाय मांगं पडते." मी थांबलोच. मी इतके दिवस टायरकडे आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडकडे बघत होतो, पुढचा ॲक्सल (चाकांचा आस) कुठे बसला आहे हे एकदाही मोजलं नव्हतं.

जिनिंगच्या आवारात वजनकाट्याजवळ काँक्रीटचा सपाट पट्टा आहे. सकाळी कापसाच्या गाड्या लागायच्या आत तिथे आपली गाडी उभी केली. गवंड्याची पाण्याची नळी लावून जमीन पाहिली, मग ओळंबा सोडून पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे बिंदू खडूनं खाली उतरवले, दोन्ही बाजूंना. गाडी पुढे काढली आणि टेप लावला. डाव्या बाजूचं अंतर उजवीपेक्षा 22 मिलीमीटरनं कमी निघालं. कर्णही मोजले, तेही जुळले नाहीत. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडाच, वाकडी आहे की काय म्हणून पोटात गोळा आला. पण पाटे चेसिसला जिथे टांगतात त्या हँगरपासून हँगरपर्यंत मोजलं तर दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे चेसिस शाबूत आहे, फक्त ॲक्सल तिरपा बसला आहे. डावं चाक मागे असलं की सगळा ॲक्सल डावीकडे तोंड करून चालतो आणि गाडी त्याच दिशेला जाते. इथे टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवायचं माप) कितीही नीट केलं तरी काय उपयोग? तू सांगितलेली अलाइनमेंट म्हणूनच पुरणार नाही.

मग पाटे धुतले. डिझेल, तारेचा ब्रश आणि दोन तास. इतका चिखल आणि ग्रीस होतं की पाटे मोजता येत नव्हते. साफ झाल्यावर जे दिसलं ते तुला दाखवायला हवं होतं रे. उजवीकडे नऊ पाटे, सगळ्यांना जुन्या घडाईची कडा, दुसरा पाटा पहिल्याच्या डोळ्याभोवती, म्हणजे टोकाच्या गोल भोकाभोवती, वळवलेला. डावीकडे दहा पाटे, प्रत्येक थोडा पातळ, आणि दुसरा पाटा डोळ्याच्या आधीच संपलेला. व्हर्निअर लावायच्या आधी बोटालाच फरक कळत होता. पण मुख्य गोष्ट सगळे पाटे एकत्र बांधणाऱ्या सेंटर बोल्टची. उजव्या पाट्यात तो बरोबर मध्यावर आहे. डाव्यात पुढच्या डोळ्यापासून बोल्टपर्यंतचं अंतर उजव्या पाट्यातल्या त्याच अंतरापेक्षा 22 मिलीमीटर जास्त. खडूच्या मापाशी तंतोतंत जुळलं! मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. इतके महिने जो दोष हाताला लागत नव्हता, तो दोन खुणांमधल्या अंतरात होता.

डावा पाटा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा आहे. त्या गाडीत तो बरोबरच असेल. रुंदी सारखी, डोळे सारखे, पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट बसले, म्हणून लावणाऱ्यानं लावला.

पाटे सोडताना अजून एक निघालं. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ती उताराची पट्टी असते ना, आपण लहानपणी फाचर म्हणायचो. उजवीकडे तिची जाड बाजू मागे आहे, जशी हवी तशी. डावीकडे जाड बाजू पुढे. बंडू, ॲक्सलचा बीम, म्हणजे आडवा दांडा, एकसंध आहे, त्याला डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा कल देता येत नाही. दोन पट्ट्या उलट बसल्या की त्या बीमवरून आपसात भांडतात आणि पाट्यांना पीळ बसतो. टँकरच्या काळात डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट दोनदा तुटल्याचं ऐकलं होतं. आता कळलं का तुटायचा ते. वळणावरून स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही, तेही यामुळेच. हात सोडले तरी सायकल सरळ जाते, त्यात तिचा पुढचा चिमटा तिरपा असण्याचाही वाटा असतो. गाडीतही किंग पिनचा, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीचा, माथा थोडा मागे कललेला लागतो. उलट्या फाचरीनं तो कल खाऊन टाकला.

किंग पिन आणि बुश चांगले आहेत, जॅकवर घेऊन पहारीनं हलवून पाहिले. बीमलाही एका किंग पिनपासून दुसऱ्यापर्यंत दोरा लावला, सरळ आहे. शॉकअब दोन जातींचे आहेत, ते बदलीन, त्याची चिंता नाही.

चिंता स्टिअरिंगची आहे. इंजिन बंद ठेवून चेसिस जॅकनं हळूहळू उचलली, चाकं जमिनीवरच. आमच्या पोरानं स्टिअरिंगवर नुसतं बोट टेकवलं होतं. चक्र आपसूक चार बोटं फिरलं. थोडं फिरणं कुठल्याही पाट्याच्या गाडीत चालतं, चार बोटं नाही. खड्ड्यात चाक गेलं की गाडी वाट का बदलते, ते यातून कळलं. नव्या स्टिअरिंग बॉक्सचा ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्सखाली लोंबणारा दांडा, जुन्यापेक्षा लांब आहे, त्यामुळे तिथून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक तिरपी बसते. आणि ती बसावी म्हणून कोणीतरी ती गॅसवर तापवून वाकवली आहे. ग्रीस पुसल्यावर वाकवलेल्या जागी निळसर काळा डाग स्पष्ट दिसला. ते पाहून माझे हात थंड पडले. याच गाडीत मी मागच्या महिन्यात आईला गिरडला नेलं होतं. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला आच लावायची नसते. लोखंडाचा कस जातो आणि तो तुटताना आधी सांगत नाही. ज्यानं हे केलं त्याला याची कल्पना असायलाच हवी होती. त्या दिवसापासून गाडी उभी आहे. मी ती लिंक काढून घरात ठेवली, म्हणजे कोणी चुकूनही गाडी बाहेर काढणार नाही.

आता तुझ्याकडे काम. तुझ्या त्या बाजूला जुन्या बॉनेटच्या गाड्या भंगारात येतात. नागपूरजवळच्या वाडीला मी दोन चकरा मारल्या. तिथे "1210 चे पुढचे पाटे" (1210 हे ट्रकचं मॉडेल) म्हणून तीन जोड्या दाखवल्या आणि तिन्हींची मापं वेगळी. म्हणून नावावर जाऊ नकोस, विकणारा काहीही म्हणो. पाटे एकाच गाडीचे, दोन्ही बाजूंचे मिळाले तरच घे. आधी दोन्ही मुख्य पाटे एकमेकांवर ठेव, डोळे जुळव, मग सेंटर बोल्टची भोकं एकावर एक येतात का ते बघ. नंतर कमान बघ: पाटे जमिनीवर उलटे ठेवून मधली उंची मोज, दोन्हींची सारखी हवी. ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक त्याच गाडीच्या बॉक्ससकट मिळाली तर पॉवर स्टिअरिंग काढून टाकायला मी तयार आहे. हाताला जड पडेल, पडू दे. बाबांनी तसंच चालवलं. आणि लिंक मिळाली तर ती आधी पूर्ण खरवडून बघ, कुठे वाकवल्याचा किंवा वेल्डिंगचा माग असेल तर फुकट दिली तरी आणू नकोस.

पाकिटात कागदाची एक लांब पट्टी घडी करून ठेवली आहे. ती उजव्या, म्हणजे मूळ पाट्याच्या मापाची आहे. निळी खूण पुढच्या डोळ्याची, लाल खूण सेंटर बोल्टची. पुठ्ठ्याचा गोल तुकडा डोळ्याच्या आतल्या मापाचा, तो भोकात घालून बघ, किंचित घट्ट जायला हवा. पट्टी ओली होऊ देऊ नकोस, कागद ताणतो. पैशाचं तू सांगशील तसं, कापूस विकला की पाठवतो.

आई विचारते, पोळ्याला आला नाहीस, निदान संक्रांतीला येशील का. येताना रिकाम्या हातानं आलास तरी ये.

तुझाच,
बाळू