अण्णा, त्या दुकानाच्या किल्लीबद्दल

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

माझ्या व्हिडिओंच्या प्रदर्शनाला येणारे लोक मला हमखास विचारतात, फिल्मचं शिक्षण कुठं झालं? पुण्याची इन्स्टिट्यूट असणार, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मी सांगते, सोलापुरात, अशोक चौकाजवळ, लग्नाच्या शूटिंग-मिक्सिंगच्या दुकानात. त्यांना ती गंमत वाटते. ती गंमत नाही, हे चारचौघांत नीट सांगावं म्हणून हे जाहीर पत्र.

दिवसा मी तुमच्याकडे लग्नांचं मिक्सिंग करायची आणि रात्री तोच कॉम्प्युटर माझ्या कामाला मोकळा असायचा. मिनीडीव्हीची, म्हणजे कॅमेऱ्यातली छोटी साठ मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला साठ मिनिटंच लागायची, कापून जोडलेलं एकसंध करून काढायचा रेंडर वेगळाच. मुलगी रात्री दुकानात थांबणार म्हटल्यावर आमच्या घरात काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वाद घातला नाहीत. काकूंना घेऊन घरी आलात, आईला म्हणालात, "दुकानाच्या वरच आमचं घर आहे, ही जेवायला आमच्यात असते." दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या हातात दिलीत.

१९६९ साली चित्रकार अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत चित्रकारांसाठी एक कार्यशाळा उघडली. कॅमेरा, जागा, सगळं सामायिक. चित्रकार नलिनी मालानी यांनी फिल्मवरचे सुरुवातीचे प्रयोग तिथंच केले. आपल्याकडच्या प्रायोगिक फिल्मचा इतिहास सांगताना त्या कार्यशाळेचं नाव घ्यावंच लागतं. माझ्यापुरतं तुमचं दुकान तेच होतं, आणि तुम्हाला तर कुठली फेलोशिपही नव्हती.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत अक्षता सोहळ्याचं शूटिंग असायचं, नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत यायच्या. मी कॅमेरा घेऊन गर्दीत घुसायला बघायची. तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "पळू नको. नंदीध्वज आपणहून येतो फ्रेममधी." सातही नंदीध्वज एकामागून एक आले, फ्रेम भरली, रिकामी झाली, आणि मी कॅमेरा हलवला नाही. आजही माझे शॉट लांब असतात. समीक्षक त्याला मोठमोठी नावं देतात.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते मागाच्या शेडमधल्या रात्रीचं. मी मागावर इकडून तिकडे सूत नेणाऱ्या धोट्याचं शूटिंग करत होते. शेडमध्ये जुन्या चोकच्या ट्यूबा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. लग्नात हे होऊ नये म्हणून शटर, म्हणजे कॅमेरा एकेका चित्रासाठी उजेड घेतो तो वेळ, सेकंदाच्या एक पन्नासांशवर ठेवायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या रात्री मी ते मुद्दाम आणखी जलद केलं आणि चित्र हळूहळू उजळायला, मग मळकट व्हायला, परत उजळायला लागलं. वीज अगदी काटेकोर पन्नासवर कधीच नसते, किंचित मागेपुढे होते, तेवढ्यानं. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, फुटेज खराब झालं. तुम्ही मॉनिटरजवळ आलात, बराच वेळ बघितलंत आणि एवढंच विचारलंत, "तुला हेच पाहिजे?" मी हो म्हटलं. मग पहाटेपर्यंत एकेक शटर लावून बघत बसलात माझ्याबरोबर. उभा ताणा दिसतोय, आडवा बाणा भरला जातोय, धोटा मात्र नुसती एक रेघ, आणि सगळ्या शेडला श्वास लागल्यासारखा तो उजेड. माझं पहिलं खरं काम ते.

माझ्या या व्हिडिओच्या धंद्यात तिकीटबारी नसते. व्हिडिओ गॅलरीत लूपवर, म्हणजे संपला की परत पहिल्यापासून चालतो, विकला गेलाच तर मोजक्या प्रतींत, प्रत्येक प्रतीबरोबर कलाकाराच्या सहीचं प्रमाणपत्र. बाकी वर्षभर माझं घर लग्नांच्या मिक्सिंगवरच चाललं. तुमच्याकडे पगार कधी थकला नाही, आणि महोत्सवाला जायचं म्हटल्यावर ऐन लगीनसराईतही सुट्टी मिळाली. तेव्हा तुम्ही स्वतः रात्री जागून माझ्या वाटणीची लग्नं कापलीत. हे मला काकूंकडून कळलं.

मागाच्या त्या कामाच्या पाच प्रती काढते आहे. पहिली तुमची. ती विकायची नाही, बक्षीसही नाही, ती तुमची आहेच. येत्या रविवारी घेऊन येते. प्रमाणपत्रावर नाव कसं लिहू तेवढं कळवा: आडनावासकट पूर्ण, की दुकानाच्या पाटीवर होतं तसं?

तुमची,
मिक्सिंगवाली