फोटोखालचा मासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या संग्रहालयाबद्दलचा पानभर लेख वाचला. लेख चांगला आहे. लेखकाला समुद्राचा वारा मानवलेला दिसतो. खिडकीतून दिसणारं पाणी, लाकडी जिना, शंखांची कपाटं, सगळं आलंय. फक्त मधल्या मोठ्या फोटोखाली आपण जी ओळ छापलीत, 'जगातल्या सर्वांत मोठ्या माशाचा सांगाडा', ती मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. ओळ तीच होती.

ही ओळ कुठून आली ते मला ठाऊक आहे. सुट्टीत आम्ही घरचे सातजण तिथं गेलो होतो, तेव्हा अगदी हीच ओळ सांगाड्यासमोरच्या फलकावर वाचली होती. तिच्यावरून तिथं माझी थोडी वादावादीही झाली. म्हणजे लेखकमहाशयांनी फलक उतरवून घेतला, आणि आपण तो छापलात. मी पस्तीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय. उतरवलेली चूक लगेच ओळखू येते.

तो सांगाडा देवमाशाचा, म्हणजे व्हेलचा, आहे. आणि देवमासा मासा नाही, हे मी आपल्याला सांगायची वेळ यावी? तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, त्याचं रक्त गरम असतं. जगातला सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क, म्हणजे मुशीच्याच जातीतला. गंमत अशी की, जो मासा आहे त्याच्या नावात व्हेल आणि जो व्हेल आहे त्याच्या नावात मासा. एवढा एक विनोद जरी फलकावर लिहिला असता तरी पोरं हसत हसत शिकली असती.

त्या दिवशी बाकीची मंडळी पंख्याखालचा बाक शोधत होती. मी आणि माझी नऊ वर्षांची नात सांगाड्याखाली उभ्या होतो. तिनं फलक मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, "आजी, हे चुकलंय." मग ती वल्ह्यासारख्या पुढच्या पराकडे बघत राहिली. खांद्याशी एक जाड हाड, त्याच्यापुढे दोन, मग मनगटाचे चपटे तुकडे तारेत ओवलेले आणि त्यांच्यापुढे बोटांची पेरं. तिनं स्वतःचा हात वर धरून ताडून पाहिला. "आजी, याला हात आहे! पण बोटं चारच." निळ्या देवमाशाच्या घराण्यात चारच बोटं असतात, हे मला घरी आल्यावर पुस्तकात सापडलं. फलकावर सापडायला हवं होतं.

पाठीच्या कण्याखाली, शेपटीच्या जरा अलीकडे, दोन छोटी हाडं नुसत्या तारांवर लोंबत होती, कशालाच न जोडलेली. नातीनं तिथल्या माणसाला विचारलं, "काका, ही निखळलीयेत का?" काका म्हणाले, "उरलेली असतील." संपादक महोदय, ती उरलेली नव्हती. ती कमरेची हाडं होती. देवमाशाचे पूर्वज चार पायांवर जमिनीवर चालत होते, त्याचा पुरावा त्या दोन तारांना टांगलेला होता. त्या अख्ख्या इमारतीत त्याहून मोलाची वस्तू नसेल. आणि हाडं उरलेली!

मग मी फलकाबद्दल विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, नावातच मासा आहे. मासा नसता तर देवमासा कशाला म्हटलं असतं?" मी म्हटलं, मग पाणघोड्यावर खोगीर घाला. ते हसले नाहीत. मला वरच्या मजल्यावर साहेबांकडे पाठवलं. साहेब रजेवर होते. अभिप्राय वहीला सुतळीनं पेन बांधलं होतं, त्यात रिफिल नव्हती. माझ्या पर्समध्ये लाल पेन असतंच. 'खूप छान', 'अतिसुंदर', 'पंखे वाढवा' आणि एक बदामातला बाण, यांच्या खाली मी सुवाच्य अक्षरात फलकाची दुरुस्ती लिहून दिली. खाली सहीसुद्धा केली. आपल्या फोटोत तो फलक कोपऱ्यात अर्धा दिसतोय. शब्द तेच आहेत.

नावावरून जात ठरवणारे ते काका काही पहिले नव्हेत. १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये यावरून चक्क खटला झाला होता. माशाच्या तेलाच्या पिंपांची सरकारी तपासणी करून घ्यायची आणि त्याचं शुल्क भरायचं, असा कायदा होता. एका व्यापाऱ्यानं देवमाशाच्या तेलाचं शुल्क भरायला नकार दिला. त्याचं म्हणणं, हे माशाचं तेलच नाही. डॉ. सॅम्युएल मिचिल या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञानं कोर्टात साक्ष दिली की देवमासा मासा नव्हे. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनं तर १७५८ सालीच त्याला सस्तन प्राण्यांत नेऊन बसवलं होतं. तरी ज्यूरीनं निकाल दिला: मासाच! पुढे कायदा बदलून देवमाशाचं तेल वगळावं लागलं. त्या ज्यूरीत आपले पुरवणी संपादक शोभले असते. (रागावू नका, पण शोभले असते.)

लेखाच्या शेवटी लेखक म्हणतात की, एवढ्याशा संग्रहालयाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. का नकोत? दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन नावाचं बंदर आहे, तिथलं संग्रहालयही एवढंसंच होतं. १९३८च्या डिसेंबरात तिथल्या मार्जरी कोर्टने-लॅटिमर या तरुण अभिरक्षक बाईंना मासेमारी बोटीवरच्या ढिगाऱ्यात एक निळसर, विचित्र मासा दिसला. दीड मीटर लांब आणि वास मारणारा. टॅक्सीवाला तो गाडीत घ्यायला तयार होईना. बाईंनी हट्टानं तो आणला, त्याचं चित्र काढून माशांचे अभ्यासक प्रा. स्मिथ यांना पाठवलं, आणि डायनोसॉरांबरोबरच संपला असं समजला जाणारा सीलॅकँथ जिवंत सापडल्याचं जगाला कळलं. शास्त्रीय नावात आज त्या बाईंचं नाव आहे: लॅटिमेरिया. (हा मात्र खराखुरा मासा.) छोट्या संग्रहालयात एक जागं माणूस असलं की पुरतं. आमच्याकडे ते रजेवर होतं.

इतिहासाच्या दालनाबद्दल फार लिहीत नाही, लेखात त्यावर तीन परिच्छेद आहेतच. तिथं दीपगृहाचं जुनं फ्रेनेल भिंग आहे, काचेच्या कड्यांवर कडी रचलेलं, दिव्याचा विखुरणारा उजेड गोळा करून समुद्रावर लांब फेकणारं. या भिंगांमुळे किती गलबतं खडकांपासून वाचली असतील! आम्ही गेलो तेव्हा त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या आणि वरच्या खुर्चीवर रेनकोट वाळत होता. लेखकांना भिंग 'भव्य' दिसलं. खुर्च्या हलवल्या असतील तर आनंद आहे.

माझी मागणी मोठी नाही. फोटोखालची ओळ चुकली, एवढं छापा. शेवटच्या पानावर जाहिरातींच्या फटीत नको, ज्या आकारात चूक छापलीत त्याच आकारात. संग्रहालयवाल्यांना माझी लाल शाई दिसली नाही, तुमची काळी तरी दिसेल. गेल्या वर्षी मी शब्दकोड्यातल्या चुकीबद्दल लिहिलं होतं, त्या पत्राचा शेवटचा परिच्छेद, म्हणजे नेमकी चूक कोणती ते सांगणारा, आपण जागेअभावी गाळला होता. त्यामुळे या वेळी मुद्दा वरच लिहिला आहे. गाळायचंच असेल तर भिंग गाळा.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. : लेखात 'संग्राहलय' असं चार ठिकाणी छापलंय. एका ठिकाणी 'संग्रहालय' आलंय, तो छपाईचा दोष असावा.