पहाटेची पिकअप आणि पेटता बोळा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी वाढली की आपल्या अंकात निफाडच्या पाऱ्याची बातमी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा, द्राक्षबागांतल्या शेकोट्या, तडकलेले मणी, सगळं त्यात असतं. त्याच पहाटे आमच्या गोदाकाठच्या वस्त्यांवर आणखी एक आग पेटते. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझी दुधाची पिकअप आहे. गाडी २००४ची, डिझेलची, हीटर प्लग (चालू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणारे) असलेल्या जुन्या इंजिनाची. २०११ साली मी ती सेकंडहँड घेतली. पहाटे साडेचारला निघायचं, नांदूरमध्यमेश्वरच्या अंगाला असलेल्या अकरा वस्त्यांवरचे कॅन उचलायचे आणि सातच्या आत शीतकरण केंद्र गाठायचं. उशीर झाला तर टँकर निघून जातो आणि अकरा घरांचं दूध माझ्या गाडीत राहतं.

गेल्या वर्षी जानेवारीत गाडीने पहाटे त्रास द्यायला सुरुवात केली. दुपारी एका सेल्फमध्ये चालू व्हायची, पहाटे मात्र सेल्फ रडत रडत फिरायचा. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी गेली. साडेसहा हजारांची नवी बॅटरी टाकली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग तो म्हणाला, डिझेलचा पंप उतरवावा लागेल, डिझेल फवारणारे इंजेक्टर कॅलिब्रेशनला द्यावे लागतील, अठरा हजार धरून चाला. तेवढे पैसे हाताशी नव्हते. मग आमच्याकडे सगळेच करतात ते आम्हीही केलं. चिंधीचा बोळा तारेला बांधायचा, डिझेलमध्ये बुडवून पेटवायचा आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी धरून सेल्फ मारायचा. गरम हवा आत ओढली जाते आणि इंजिन पकडतं.

चौथ्या पहाटे बोळ्यातलं जळतं डिझेल ठिबकलं आणि एअर क्लीनरच्या कागदी फिल्टरने पेट घेतला. बोळा धरला होता माझ्याकडे कामाला असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने. गाडी पेटू नये म्हणून त्याने तो फिल्टर हातानेच ओढून बाहेर फेकला. उजवा तळहात आणि मनगट भाजलं. त्याच्या आईला काय सांगायचं, हे दवाखान्याच्या बाकावर बसून मला सुचत नव्हतं. सेल्फ मी मारत होतो. बोळा त्याच्या हातात मीच दिला होता.

खरा दोष नंतर पिंपळगावच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने काढला. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येऊन तो पहाटे चारला माझ्यासोबत अंगणात उभा राहिला, कारण गाडी तापल्यावर हा दोष दिसतच नाही. त्याने काही खोललं नाही. मला सेल्फ मारायला सांगून तो मागे सायलेन्सरपाशी जाऊन बसला. "आधी धूर बघायचा," म्हणाला. सेल्फ फिरताना पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, फक्त पेटत नाही. मग हीटर, सेल्फचा वेग, नाहीतर कॉम्प्रेशन बघायचं. धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही. मग डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबून बघायचा. तो मऊ लागला आणि पंधरा-वीस वेळा दाबल्यावर कडक झाला, तर गाडीने कुठूनतरी एअर घेतली आहे. एखादा वॉशर किंवा पाइप हवा ओढतो आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं. माझ्या गाडीचा पांढरा धूर अंगणभर झाला होता. म्हणजे डिझेलचा पंप उतरवायची गरज नव्हती.

मग त्याने मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर धरलं आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. तिथे आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आला १.९. बारा व्होल्टच्या बॅटरीतले जवळजवळ दोन व्होल्ट अर्थिंगमध्येच, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमधल्या जोडणीतच, जात होते. गाडीखाली टॉर्चच्या उजेडात त्याने चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट दाखवला. विणलेल्या तांब्याच्या पट्टीचे निम्मे धागे तुटलेले, बोल्टाखाली हिरवट-पांढरी भुकटी जमलेली. रोज कॅन धुतल्यावर सोड्याचं पाणी हौद्यातून नेमकं तिथेच गळत होतं. इतक्या वर्षांत मी त्या जागी एकदाही हात लावला नव्हता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली गेली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. सेल्फ जड फिरला तर दाबलेली हवा तापायच्या आत तिची ऊब थंड सिलिंडर पिऊन टाकतो. त्यात बॅटरीची ताकदही शून्य अंशाच्या आसपास सुमारे एक तृतीयांशाने उतरते आणि ऑइल घट्ट होतं. म्हणून जो दोष मे महिन्यात कळत नाही तो जानेवारीत गाडी उभी करतो.

शेवटी हीटर. चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढून, बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्पने एकेका प्लगच्या टोकाला स्पर्श केला. दिवा दोनच ठिकाणी लागला. दोन हीटर मेलेले होते आणि डॅशबोर्डवरची हीटरची लाइट मात्र रोज इमानाने लागत होती! ती लाइट करंट गेल्याचं सांगते, प्लग तापल्याचं नाही. चारही हीटर नवे टाकले, अर्थिंगची पट्टी बदलली, बोल्टाची जागा पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावलं. मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. नवी बॅटरी घ्यायची गरजच नव्हती. जुनी आज माझ्या घरच्या इन्व्हर्टरला चालते आहे.

आमच्याकडे सर्रास म्हणतात की डिझेल गोठलं. लडाखमध्ये ते खरं आहे. म्हणूनच २०१९मध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं. आपल्याकडे एवढंच पाळावं, की उन्हाळ्यापासून कॅनमध्ये साठवलेलं डिझेल थंडीत टाकीत ओतू नये. भारतीय मानकानुसार हिवाळ्याचं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे, उन्हाळ्याच्या डिझेलला ती मर्यादा १८ अंशांची आहे. आणि बोळ्याऐवजी स्टार्टिंग स्प्रे मारणाऱ्यांनाही सांगतो, त्यात इथर असतो. हीटर तापलेले असताना तो मारला तर भडका एअर पाइपातच उडू शकतो.

आपल्या दैनिकामार्फत माझी मागणी दूध संस्थांकडे आणि तालुक्यातल्या आयटीआयकडे आहे. दिवाळी झाली की एक दिवस संकलन केंद्राच्या आवारात दुधाच्या आणि भाजीपाल्याच्या जुन्या गाड्या तपासाव्यात. डिझेल मेकॅनिक शिकणारी मुलं, दोन मीटर, एक टेस्ट लॅम्प एवढ्यावर काम भागतं. एका गाडीला वीस मिनिटं पुरतात. गाड्या आदल्या रात्री आणून उभ्या कराव्यात आणि तपासणी पहाटेच करावी, सकाळी दहा वाजता फीत कापून नव्हे.

ते पोर अजून माझ्याच गाडीवर आहे. कॅन उचलताना मूठ पूर्ण वळत नाही, तो डाव्या हाताने उचलतो. पहाटे चावी तोच फिरवतो. हीटरवर ठेवून पंधरापर्यंत मोजतो, मग सेल्फ मारतो.

आपला,
एक दूध वाहतूकदार
गोदाकाठ, ता. निफाड, जि. नाशिक