काशी सहल: सामानाबाबत सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार.

शुक्रवार, दि. १२ रोजी सकाळी ६ वाजता पुणे विमानतळावर, प्रवेशद्वाराबाहेर जमायचे आहे. सोबत मूळ आधार कार्ड हवेच.

आपल्या तिकिटावर माणशी १५ किलोची एक मोठी बॅग आणि ७ किलोची एक हातातली बॅग चालते. जास्तीच्या प्रत्येक किलोला काउंटरवर पैसे पडतात, ते ज्याचे त्याने भरायचे. कृपया घरूनच वजन करून या. परतीसाठी दोन-तीन किलो जागा राखा. गंगाजल आणि साड्या घेतल्याशिवाय कुणी परतत नाही!

• पूजेचा कापूर, काडेपेटी आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत नकोत. सगळे काशीत घाटाजवळ मिळते.
• लोणचे, तूप, केसांचे तेल मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून.
• चाकू, कात्री, अडकित्ता मोठ्या बॅगेतच.
• पॉवर बँक मात्र फक्त हातातल्या बॅगेत.
• रोजच्या गोळ्या, चष्मा, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. बॅग मागे राहिली तर बीपीची गोळी थांबत नाही, म्हणून हे विशेष सांगत आहे.

थंडी असेल. जाड स्वेटर आणि बूट अंगावर घालूनच निघा, तेवढीच बॅग हलकी. चार दिवसांना कपड्यांचे तीन जोड पुरतात. घाटाच्या पायऱ्या आणि अरुंद गल्ल्यांतून बॅग स्वतःच उचलायची आहे.

वजनकाटा नसेल त्यांनी बुधवारी संध्याकाळी ५ ते ७ मंडळाच्या कार्यालयात बॅग घेऊन यावे.

– सहल समिती