घोड्याला उठायला जागा द्या

माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि गेली बावीस वर्षं मुंबईतल्या घोड्यांवर उपचार करतो. घोड्याचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः पायांचा डॉक्टर. पोटशूळ सोडला, तर मला रात्री-अपरात्री येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात : ‘साहेब, पाय टेकत नाही.’

गेल्या लग्नसराईत वरातीच्या एका पांढऱ्या घोडीला खोदलेल्या रस्त्यावर खिळा लागला. मालकाने कुणीही करेल तेच केलं. पक्कड आणून खिळा उपटला, भोकात हळद-तेल भरलं आणि संध्याकाळची वरात केली. दोन दिवस घोडी बरी चालली, तिसऱ्या दिवशी तिने पाय उचलून धरला. मी पोचेपर्यंत खुरातलं भोक बंद झालं होतं. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणात असं होतंच : रबरासारखा तो मिटतो आणि पू आत कोंडतो. खरं तर खिळा उपटायचाच नसतो. खुराच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे बांधून तो आणखी आत जाणार नाही एवढं बघायचं आणि तसाच एक्स-रे काढायचा. मग खिळा नुसत्या तळव्यात आहे, की आतल्या कंडरेपर्यंत आणि नावेच्या आकाराच्या छोट्या हाडापर्यंत पोचलाय, ते कळतं. पहिल्या प्रकारात मी रस्त्याकडेला बसून खूर तासतो, पू काढतो, पट्टी बांधतो. आठवड्याभरात घोडं चालतं. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी भूल देऊन, दुर्बिणीने कंडरा आणि त्या हाडामधली पोकळी धुवावी लागते. घोडीचा प्रकार दुसरा होता आणि तीन दिवस गेले होते.

मी दोन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी उत्तर मिळालं, ‘ऑपरेशन करू हो, पण शुद्धीवर कुठे आणायचं?’ दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, ‘टेम्पोत घालून आणा.’ तीन पायांवरची घोडी टेम्पोच्या फळीवर चढत नाही, साहेब. आम्ही सहा जणांनी तासभर प्रयत्न केला. सोळाव्या दिवशी तिचा दुसरा, धडधाकट पाय गेला. सगळं वजन त्यावर पडलं, की खुरातलं हाड आणि खुराची भिंत यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुटतात आणि हाड खाली सरकतं. त्यानंतर शेवटचं इंजेक्शनच उरतं. मी ते दिलं.

‘शुद्धीवर कुठे आणायचं’ हा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. आपल्या खात्याने नेमका तोच सोडवावा, म्हणून हे पत्र.

माणूस ऑपरेशननंतर कॉटवर पडून राहतो. घोडा अर्धवट शुद्धीतच धडपडून उठायला बघतो, कारण जमिनीवर पडलेला घोडा म्हणजे शिकार, हे त्याच्या रक्तात आहे. चारशे किलोचं अंग डळमळतं, पडतं, पुन्हा उठतं आणि नुकतं जोडलेलं हाड मोडतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशूळ वगळून इतर शस्त्रक्रियांसाठी भूल दिलेल्या १०० घोड्यांमागे सुमारे १ दगावला होता. भुलेशी जोडलेल्या मृत्यूंपैकी सुमारे पाव मृत्यूंचं कारण हाड मोडणं हे होतं. म्हणून जगभर भुलेतून घोडा उठतो ती खोली चारही बाजूंनी जाड गाद्यांनी मढवलेली असते, जमीन घसरत नाही, डोक्याला आणि शेपटीला दोर लावून त्याला आधार देतात. अमेरिकेत बार्बारो या शर्यतीच्या घोड्याचा मागचा पाय २००६ मध्ये मोडला, तेव्हा प्लेट आणि २७ स्क्रू बसवल्यावर त्याला तरंगत्या तराफ्यात बांधून पाण्याच्या टाकीत शुद्धीवर आणलं होतं. तोही शेवटी खुराच्या त्याच रोगाने जानेवारी २००७ मध्ये गेला, हेही सांगितलं पाहिजे. सगळे वाचतात असं मी म्हणत नाही.

मुंबईला तराफा नको. गाद्यांची एक खोली पुरे. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परळच्या किंवा गोरेगावच्या आवारात, छताला वजन पेलणारी क्रेन, मोठा ऑपरेशन टेबल आणि उचलून नेता येणारा एक्स-रे. आणि एक गाडी, जिचा तळ जमिनीला टेकेल. लंगडं घोडं चढणार नाही, गाडीलाच त्याच्याजवळ खाली यावं लागेल. माथेरानला दस्तुरी नाक्यावर पाय मोडलेल्या घोड्यालाही तीच गाडी लागेल.

पैशाचं म्हणाल, तर केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योजकतेसाठी ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मंजूर केलं. पैदास वाढवायला पैसे आहेत. वाढलेल्या घोड्याचा पाय मोडला तर? आमचं घोडं पेंड खातं ते इथे. त्याच वर्षी महालक्ष्मीला कुत्र्या-मांजरांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं. मला मनापासून आनंद झाला. थोडा हेवाही वाटला.

‘शहरात घोडे हवेतच कशाला?’ असं आपले अधिकारी म्हणतील. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, ते मला पटलं होतं; डांबरावर दिवसभर टापा आपटणाऱ्या घोड्यांचे गुडघे मी पाहिले आहेत. पण घोडे गेले नाहीत. वरातीत आहेत, गोरेगावला शूटिंगला आहेत, रेसकोर्सवर आहेत. १९३२ मध्ये बंद झालेलं पोलिसांचं अश्वदळ सरकारने स्वतःच २०२० मध्ये पुन्हा उभं केलं. आणलेत, तर त्यांचे पायही सांभाळायला नकोत का?

आणखी एक, जवळजवळ फुकटातलं काम. खूर सगळ्यात आधी बघतो तो नालबंद. डॉक्टरचा नंबर नंतर. त्यांच्यासाठी महाविद्यालयात दोन दिवसांचा वर्ग घ्या. खिळा उपटायचा नाही, घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो म्हणून जखम दिसली की आधी लस विचारायची, गुडघ्याखालच्या जखमेवर चुना-बिना भरायचा नाही. तिथे मांस नाही, नुसतं कातडं, कंडरा आणि हाड. चुकीचं औषध लागलं की लालभडक मांस फुगून वर येतं आणि पुढे महिनोन्‌महिने ते कापत बसावं लागतं. त्या वर्गाला मी येईन, मानधन नको.

तुळशीचं लग्न झालं की घोड्या पुन्हा रस्त्यावर येतील. त्याआधी निदान खोलीची जागा ठरली आणि आपल्या कार्यालयातून कुणी पाहणीला येणार असेल, तर मला कळवावं. सकाळी दहाच्या आत मी कुठल्या ना कुठल्या तबेल्यात असतो.

आपला नम्र,
परळचा एक पशुवैद्य